मागून आलेलं हसू

१

माणसानं हसावं, पण चारचौघांबरोबर हसावं. पंगत उठल्यावर एकट्यानंच पानावर बसून भुरके मारावेत, तसं हसू नये. आणि पाहुण्यासमोर तर मुळीच नाही. लताक्कांच्या मुलाला, हृषीकेशला, पन्नाशी जवळ आली तरी ही साधी रीत कळली नव्हती. शनिवारी दुपारी परदेशात, वेरिबी गावातल्या त्याच्या घरात, अंधार करून सिनेमा लावला होता. शेजारचा म्हातारा जोआकिम मुद्दाम येऊन बसला होता. आणि हा मागच्या खुर्चीवरून हसत होता तो असा, की सगळ्यांचं हसू सरत आलं की याचं सुरू. तेही हॅ हॅ हॅ करत, दोन घरं पलीकडे ऐकू जाईल इतकं.

सुरुवातीला बरा होता. अर्ध्यात आक्का उठून शाल आणायला खोलीत गेल्या, परत येऊन बसल्या, तेव्हापासून त्याला हे भूत लागलं.

"जरा हळू की रं," आक्का दोनदा म्हणाल्या. मागं वळून बघायची सोय नव्हती. सोफा असा खोल, की त्यात बसलेल्या माणसाला वर काढायला दुसरं माणूस लागावं.

सिनेमा जोआकिमनंच आणला होता. त्याच्या देशातला, पोर्तुगालचा, विनोदी. नाव आक्कांच्या जिभेला वळेना. चार चोरांची टोळी. एक जाडा बेकरीवाला, एक बाजा वाजवणारा पोरगा, एक चर्चची घंटा बडवणारा म्हातारा आणि एक लंगडी विधवा. चौघंही असे गोड, की आपल्या घराची किल्ली आपणच नेऊन हातात द्यावी. जत्रेच्या दिवशी देवाचा चांदीचा मुकुट पळवायचा हा त्यांचा बेत. ते काय बोलत होते ते आक्कांना कळत नव्हतं, आणि पडद्याच्या तळाला पळणाऱ्या पांढऱ्या ओळींशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. आक्का दुसरी पास. अक्षरं कधीच विसरल्या, सहीपुरती दोन तेवढी राहिली. आकडे तेवढे पक्के होते, कारण कराडात एकतीस वर्षं खानावळ चालवायची तर आकड्यांवाचून गत्यंतर नाही. त्यामुळं बाकीचे ओळी वाचत होते आणि आक्का माणसं बघत होत्या. कोण कुणाकडं बघतो, कुणाचा हात कुठं जातो.

एक जागा तर अशी होती, की पंधरा मिनिटं कुणी अवाक्षर बोललं नाही. चोर चपला हातात घेऊन चर्चमध्ये शिरतात. कुठूनशी एक बकरी आत येते. तिघं पुरुष बकरीच्या मागं, बकरी तिघांच्या मागं. आणि तेवढ्यात ती लंगडी विधवा हळूच मुकुट उचलते आणि दारात झोपलेल्या शिपायाच्या टोपीखाली सारून मोकळी होते. जोआकिम हसून हसून खोकायला लागला. सून कौमुदी भजी तळायची सोडून झारा हातात घेऊनच पडद्यासमोर उभी राहिली. नात निहारिका चक्क गालिच्यावर लोळली. आणि सगळे डोळे पुसत असताना मागून, दमानं, आलंच ते. हॅ हॅ हॅ.

सिनेमा संपला, तिन्हीसांज झाली. निहारिकेनं ओढून आक्कांना उभं केलं. त्या देवापुढं दिवा लावायला आपल्या खोलीत गेल्या.

मंगळवारचं विमान होतं. सहा महिने झाले होते लेकाकडं येऊन. आता बास. खानावळीत चित्रा वाट बघत होती. वीस वर्षं आक्कांच्या हाताखाली भाकरी थापणारी, नवऱ्यानं टाकलेली बाई. "कॉलेजं सुरू व्हायच्या आत मी येते, आणि माझ्यामागं ही चूल तुझी," असा शब्द आक्का तिला देऊन आल्या होत्या. म्हणून सकाळीच पासपोर्ट खंडोबाच्या टाकापुढं ठेवून त्यावर हळदकुंकू वाहिलं होतं, जरा सढळ हातानंच. शाल घ्यायला आल्या तेव्हाही तो तिथंच होता. त्यांनी नमस्कार केला होता.

आता पाटावर कुंकवाची रांगोळी सांडलेली होती, आणि तिच्या मधोमध पासपोर्टाएवढा कोरा चौकोन.

२

"कुणी हात लावला?"

आक्का बाहेर येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज खानावळीत शंभर माणसांच्या कालव्यावरून स्वयंपाकघरात जायचा. दिवाणखान्यात तो भिंतीला लागून परत आला.

शोधाशोध झाली. पाट उचलला, गादी उलटी केली, हृषीकेशनं गुडघ्यावर बसून पलंगाखाली टॉर्च मारला. "सापडेल आई, कुठं जाणारे? नाहीच मिळाला तर तिकीट पुढं ढकलू. नो वरीज."

"तुला वरी नसंल. मला हाय."

घराची रचना अशी होती: दिवाणखान्याच्या मागं बोळ, बोळात पहिली खोली आक्कांची, मग बाथरूम, टोकाला गराजचं दार. शाल आणल्यापासून दिवा लावेपर्यंत जो बोळात गेला, तो चोर. आक्कांनी तिथल्या तिथं मोजलं. निहारिका एकदा फोन घेऊन गेली होती. कौमुदी टिश्यूंचा खोका आणायला गेली होती. जोआकिम बकरीच्या प्रसंगानंतर बाथरूमला गेला होता, आणि बराच वेळ आला नव्हता.

म्हातारा दारात टोपी हातात घेऊन उभा होता. काय हरवलं ते त्याला पुरतं कळलं नव्हतं, पण काही तरी वाईट झालंय एवढं कळून तो घुटमळत होता. आक्कांची नजर त्याच्या बाहीवर गेली. करड्या कोटाच्या बाहीवर लाल डाग.

कुंकू!

पुढं जे झालं ते एका श्वासात झालं. आक्कांनी त्याच्या कोटाच्या खिशात हात घातला. कौमुदी "आई, अहो!" म्हणेपर्यंत खिसा उलटा झाला होता. जमिनीवर पडली टिश्यूत गुंडाळलेली चार कांदाभजी, आणि टिश्यूला लागलेला टोमॅटो सॉस.

जोआकिम खाली वाकला, एकेक भजं उचललं, टेबलावर नीट ओळीनं ठेवलं. त्याचे कान लाल झाले होते. "सॉरी, दोना लता," तो म्हणाला. "फॉर ब्रेकफास्ट. आय शुड आस्क." मग टोपी घातली आणि गेला. दार त्यानं इतकं हळू ओढलं, की आपटलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

बायको गेल्यापासून एकटा राहणारा माणूस. कुंपणावरून 'दोना लता', म्हणजे लताबाई, अशी हाक मारून रोज लिंबं देणारा. बदल्यात आक्का चपात्या द्यायच्या. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि सहा महिन्यांत कुणाचं काही अडलं नव्हतं. एकतीस वर्षांत कुणी पोरानं खानावळीतून दोन भाकऱ्या रुमालात बांधून नेल्या, तर आक्कांनी तिसरी वर ठेवली होती. आणि आज त्यांनीच एका भुकेल्या माणसाचा खिसा चारचौघांत उलटा केला होता.

हृषीकेश भिंतीला टेकून हे सगळं बघत होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आईच्या वागण्याची लाज वाटली असेल, असं आक्कांना वाटलं.

३

रविवारी सकाळी आक्कांनी चहा घेतला नाही. कुंपणापाशी जाऊन आल्या. लिंबाचं झाड होतं, म्हातारा नव्हता. त्याच्या खिडकीचे पडदे ओढलेले.

घरात येऊन त्यांनी कमरेला पदर खोचला. चोर घरातलाच होता, आणि तो सापडल्याशिवाय शेजारी जायला तोंड नव्हतं.

आधी कौमुदी. ती हॉस्पिटलात नर्स होती, संध्याकाळच्या शिफ्टला जायचं म्हणून डबा भरत होती.

"तू नेलास का?"

"मी?" कौमुदीनं डब्याचं झाकण दाबून लावलं. पुण्याची पोर, घाबरायची नाही. "आई, खरं सांगू? तुम्ही मला सहा महिन्यांत अठरा वेळा आमटी परत करायला लावलीत. मी कॅलेंडरवर फुल्या मारतेय. तुमचा पासपोर्ट मला सापडला असता ना, तर मी तो ताटात घालून, ओवाळून तुमच्या हातात दिला असता."

आक्कांना हे पटलं. एवढं खरं बोलणारी बाई चोर नसते. "आणि सिनेमा बघितलास का भजीच तळत होतीस?"

"येऊन जाऊन. पण तो बकरीवाला सीन सगळा बघितला. तेवढ्यात एक घाणा करपला. तुम्हालाच वाढला तो, सॉरी."

"कळलं हुतं मला. मुकुट कुणी उचलला गं त्यात?"

"त्या बाईनं. का?"

"काय न्हाई. मीठ कमी घाल डब्यात."

मग हृषीकेश. तो मागच्या अंगणात गवत कापायचं यंत्र घेऊन फिरत होता. कालच कापलेलं गवत आज पुन्हा कापत होता. आई आलेली बघून त्यानं यंत्र बंद केलं, आणि स्वतःच्या टोपीनं तिच्यासाठी खुर्ची पुसली. गेला महिनाभर तो असाच अति वागत होता. औषध हातात, शाल खांद्यावर.

"तू कुठं हुतास रं काल?"

"कुठं म्हणजे? खुर्चीत. हललोसुद्धा नाही. तूच ओरडत होतीस ना, हळू हस म्हणून?"

"ओरडत हुते खरी." आक्का बसल्या. "तुझा काय संशय?"

त्यानं नजर कुंपणाकडं वळवली. "मला काय माहीत. राहा ना आई अजून थोडे दिवस. काय घाई आहे? डॉक्टर पण म्हणाले, तुझं हाड..."

"माझं हाड माझ्याजवळ हाय. हरवलाय पासपोर्ट." मग जरा मऊ आवाजात, "मला कुठं वाचता येतंय. त्या सिनेमाचं मला एक कळलं न्हाई. मुकुट नेमका उचलला कुणी?"

"त्या जाड्या बेकरीवाल्यानं," हृषीकेश चटकन म्हणाला. प्रश्न बदलला म्हणून त्याचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला. "शेवटी तो कबूल नाही का करत? शिपायासमोर हात पुढं करतो बघ."

"व्हय व्हय. करतो खरा."

त्यानं यंत्र पुन्हा सुरू केलं. आक्का बसून राहिल्या. मग उठून नातीच्या खोलीकडं वळल्या.

४

निहारिका आपल्या खोलीत युनिव्हर्सिटीचं काही लिहीत होती. आजीला बघून तिनं पांघरूण बाजूला सारून जागा केली.

"आजी, आय नो व्हॉट यू आर गोइंग टू आस्क. आय वॉन्ट यू टू स्टे. बट मी नाही घेतला. प्रॉमिस."

"ठाव हाय. तुला काही लपवायचं तर आधी हसू फुटतं." आक्कांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "मला एक सांग. काल तुम्ही असं कसं हसत हुता? तो पडद्यावरचा बोलायचा राहायचा आणि तू आणि तुझी आई आधीच खिदळायच्या. त्याचं बोलणं संपल्यावर जोआकिम हसायचा. दोन वेळा हसायची काय ही तऱ्हा?"

निहारिका हसली. "अगं, सबटायटल्स! खाली ओळी येतात ना इंग्लिशमध्ये, आख्खं वाक्य एकदम येतं. आम्ही वाचतो, सो वी गेट द जोक फर्स्ट. जोआकिम वाचत नाही, त्याला भाषा येते. तो ऐकतो, मग हसतो."

"असं हाय व्हय."

आक्का उठल्या नाहीत. डोळे मिटून बसल्या. खानावळीत गर्दीच्या वेळी त्या अशाच डोळे मिटून कान लावायच्या. कुठल्या पानावर भात संपला, कोण हात धुवायला उठला, सगळं आवाजावरून कळायचं.

वाचणारा आधी हसतो. ऐकणारा मागून हसतो. हृषीकेश वाचणारा, शाल आणायच्या आधी तो कौमुदी आणि निहारिकेबरोबर, आधी हसत होता. शाल आणल्यानंतर त्याचं हसू मागं गेलं. जोआकिमच्याही मागं. पोर्तुगालची भाषा त्याला काही एका दुपारीत आली नव्हती.

आणि बकरीचा प्रसंग. तिथं कुणी बोललंच नाही. वाचायला काही नव्हतं, ऐकायला काही नव्हतं, नुसतं बघायचं होतं. तिथं म्हातारा जोआकिमसुद्धा सगळ्यांबरोबर हसला. डोळे उघडे असलेला प्रत्येक माणूस एकाच क्षणाला हसला. एकच हसू मागून आलं, दुसऱ्यांचं हसू ऐकून आलेलं. त्या माणसासमोर पडदा नव्हता. आणि ते हसू मोठं होतं, कारण जवळ बसलेला माणूस एवढ्या जोरात हसत नाही. लांब बोळातून, गराजच्या दारातून "मी इथंच आहे" असं सांगायचं असेल तर हसतो.

बाकीचे तिघं उठले ते सगळ्यांदेखत उठले. जो उठलाच नव्हता म्हणतो, त्यालाच मुकुट कुणी उचलला ते ठाऊक नव्हतं. त्यानं शेवट तेवढा परत येऊन बघितला होता.

चोर सापडला होता, पण चोरीचं कारण सापडेना. तिकीट त्यानंच तर काढलं होतं, चार महिन्यांपूर्वी, आपल्या हातानं. मग मधल्या काळात काय बदललं?

महिनाभर तो अति गोड वागत होता. महिनाभर आणखी काय?

"निहारिके," त्या म्हणाल्या, "तुझा फोन आण. आणि माझाबी."

५

आक्का फोन लावायच्या तो फोटोवरून. हृषीकेशनंच सोय करून दिली होती: लेकाचा चेहरा दाबला की लेक, चित्राचा दाबला की चित्रा. गेला महिनाभर चित्राचा चेहरा दाबला की एक इंग्रजी बाई काही तरी बोलून फोन ठेवायची. "चित्राचा मोबाईल बिघडलाय," हृषीकेश म्हणाला होता. "दुरुस्त झाला की करेल ती."

"लिही," आक्का म्हणाल्या, आणि डोळे मिटून दहा आकडे सांगितले. डब्याची गिऱ्हाईकं चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेली असायची. चित्राचा नंबर सगळ्यांत वर.

निहारिकेनं दोन्ही फोन शेजारी धरले. तिचं हसू मावळलं. "आजी... तुझ्या फोनमध्ये लास्टचे दोन आकडे वेगळे आहेत. समवन चेंज्ड इट."

"लाव. तुझ्यावरनं."

तीन वेळा वाजला. मग आवाज आला, मागं कुकरच्या शिट्टीसकट. फोन अजिबात बिघडलेला नव्हता.

"चित्रा, मी आक्का."

पलीकडं कुकर उतरवल्याचा आवाज. मग, "आता कशाला केला आक्का?"

"म्हंजे?"

"महिना झाला. कुलूप बदललं, पाटी काढली. नव्या मालकानं परवा चूलबी फोडली. मी म्हणलं आक्का अशा न्हाईत, तर त्यानं कागद दाखवला. तुमची सही हुती खाली. तो वाकडा 'ल' मी वळखती की. वीस वर्षं बघतीया. विकायची हुती तर विकायची. तुमचीच हुती. पर एक फोन तरी करायचा आक्का. शब्द दिला हुता तुम्ही."

आक्कांनी फोन कानाला तसाच लावून ठेवला.

वाकडा 'ल'. फेब्रुवारीत हृषीकेशनं त्यांना ट्रेननं सिटीत एका सरकारी कचेरीत नेलं होतं. काचेमागची बाई, कागदांची चळत. "व्हिसाचं आहे आई, इथं सही कर. आणि इथं." आक्कांनी जीभ दातांत धरून दोन अक्षरं काढली होती, पाच वेळा. मग लेकानं कॉफी पाजली होती, आणि परतीच्या ट्रेनमध्ये एक शब्द बोलला नव्हता.

"चित्रा," त्या म्हणाल्या, "सही माझी हाय. पर ती मी केली न्हाई. मंगळवारी निघते. तोवर मला शिव्या घाल, पर फोन उचल."

६

कौमुदी शिफ्टला निघायच्या आत आक्कांनी सगळ्यांना सोफ्यावर बसवलं. सिनेमाची तबकडी अजून यंत्रातच होती. म्हातारा ती न घेताच गेला होता.

"लाव तो बकरीचा," त्या निहारिकेला म्हणाल्या. "हृषीकेश, तू पुढं ये. मागं बसू नगंस आज."

"आई, आत्ता सिनेमा कशाला..."

"तू बघितला न्हाईस म्हणून."

चोर चपला हातात घेऊन आत शिरले. बकरी आली. बेकरीवाला पाय घसरून पडला, बाजेवाला पोरगा दानपेटीवर चढला. दिवाणखान्यात कुणी हसलं नाही. मग लंगडी विधवा खांबाआडून पुढं आली, तिनं दोन्ही हातांनी मुकुट उचलला, इतका जपून, की लेकरू उचलावं. आणि झोपलेल्या शिपायाच्या टोपीखाली सारला.

हृषीकेश पडद्याकडं बघत राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला होता, हीटर बंद असताना.

"बेकरीवाल्यानं न्हाई उचलला," आक्का म्हणाल्या. "तो नुसता कबूल झाला, दुसऱ्यांना वाचवायला. काल ह्या टायमाला ह्या दोघी आणि जोआकिम इथं हसत हुते. तू बोळातनं हसत हुतास. ह्यांचं ऐकून."

"बाबा?" निहारिका म्हणाली.

तो उठला. गराजचं दार उघडल्याचा आवाज आला, मग गाडीचं. परत आला तेव्हा हातात पासपोर्ट होता. त्यावरचं कुंकू पुसायचा प्रयत्न केल्यानं ते सगळीकडं पसरलं होतं, त्याच्या बोटांच्या रेघांत गेलं होतं. त्यानं तो आईच्या मांडीवर ठेवला आणि समोर जमिनीवरच बसला.

"आणि दुसरी चोरी?" आक्कांनी विचारलं. "ती बी काढ भाईर."

त्यानं मान वर केली आणि त्याला कळलं, की आईला कळलंय. कौमुदी एकदा याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिली. तिलाही ठाऊक नव्हतं.

"तू पडली होतीस आई," तो म्हणाला. "गेल्या वर्षी. खानावळीच्या फरशीवर, पहाटे चित्रा येईपर्यंत एकटी. मला इथं फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. मी काहीच करू शकत नव्हतो. ती खानावळ असती तोवर तू इथं राहिलीच नसतीस. मी तुला सांगणार होतो. रोज ठरवायचो. मग तिकिटाची तारीख जवळ आली... मंगळवार एकदा टळला असता, की सांगणारच होतो."

"मला इचारलं असतंस तर मी दिली असती का खानावळ?"

"नसती दिलीस."

"मग न इचारता घेतलीस. ह्यालाच चोरी म्हणत्यात. ह्या चौघांच्या भाषेतबी तेच म्हणत असतील."

"आई, माझं चुकलं." तो लहान पोरासारखा रडायला लागला. निहारिकेनं टीव्ही बंद केला. कौमुदी उठली, नवऱ्यापाशी गेली नाही. सासूच्या शेजारी येऊन बसली. आमटीवरून अठरा वेळा भांडलेल्या दोघी पहिल्यांदा एका बाजूला बसल्या होत्या.

आक्कांनी पासपोर्ट पदरानं पुसला. राग होताच, पण डोळ्यांपुढं येत होती टेबलावर ओळीनं मांडलेली चार भजी. काल त्यांनी खिसा उलटा केला, तेव्हा खरा चोर भिंतीला टेकून उभा होता आणि म्हातारा "सॉरी" म्हणत होता. हृषीकेशनं तोंड उघडलं नाही, हे पाप त्याचं. पण हात आक्कांचा होता. तो काही त्यानं घातला नव्हता.

त्या उठल्या. या वेळी कुणाचा हात धरला नाही. सोफ्याच्या कडेला रेटा देऊन, दात खाऊन स्वतःच उठल्या. टेबलावर सकाळच्या चपात्यांचा डबा होता, तो उचलला. मग लेकासमोर येऊन उभ्या राहिल्या, आणि खानावळीतला आवाज न काढता, अगदी हळू बोलल्या.

"डोळं पूस आणि ऐक. पासपोर्ट पळवलास ते माफ, त्यात माया हुती. पडले हुते म्हणून तू भ्यालास तेबी माफ. पर आईला वाचता येत न्हाई हे तुला ठाव हुतं, आणि तू त्याच दारानं आत शिरलास. ते माफ न्हाई. मी मरंपर्यंत न्हाई. आता तुझं बी मंगळवारचं तिकीट काढ. आणि चप्पल घाल, आधी शेजारी जायचं. तिथं मी हात जोडणार आणि तू गप उभं राहून बघणार, काल बघितलंस तसं. कराडात चित्राच्या दारात तू हात जोडायचे. मी बघत उभी राहीन."